फाइल रूटची, मग ती साध्या युजरला हटवता कशी येते?

प्रश्न थोडक्यात असा. उबुंटू सर्व्हरवर स्वतःच्या होम डिरेक्टरीत रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या प्रशासक खात्याच्या) मालकीची, ६०० परवानगीची (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) एक फाइल आहे. ती उघडता येत नाही. पण ‘आरएम’ ही हटवण्याची कमांड दिल्यावर एक प्रश्न आला, ‘वाय’ दाबलं आणि फाइल गेली. सुडो (रूटचे अधिकार तात्पुरते देणारी कमांड) लागलंच नाही. उलट /ऑप्टखालच्या एका डिरेक्टरीत स्वतःच्याच मालकीची, ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) असलेली फाइल काही केल्या हटत नाही. हा बग आहे का? आणि ऑफिसच्या सामाईक फोल्डरमध्ये सगळ्यांनी एकमेकांच्या फाइलींत लिहावं, पण एकमेकांच्या फाइली हटवू नयेत, अशी सोय होते का?

बग नाही. दोन्ही वेळा कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) एकच नियम लावला. फाइल हटवताना त्या फाइलची परवानगी बघितलीच जात नाही. ती ज्या डिरेक्टरीत आहे त्या डिरेक्टरीची बघितली जाते. होम डिरेक्टरी तुमची, म्हणून रूटची फाइल गेली. /ऑप्टखालची डिरेक्टरी रूटची आणि बहुधा ७५५ (फक्त मालकाला लिहिता येणारी) असणार, म्हणून तुमची फाइल जागची हलली नाही. सामाईक फोल्डरची सोय होते, पण त्यात बरेच खाचखळगे आहेत, तिकडे येतोच. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यायच्या. मोठं अक्षर जिथे लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

सोसायटीच्या जिन्याखाली रहिवाशांच्या नावांचा काचबंद फळा असतो: एकीकडे नाव, समोर फ्लॅटचा नंबर. डिरेक्टरी म्हणजे तो फळा. त्यात फक्त नाव आणि आयनोडचा (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा) नंबर एवढंच असतं. मालकाचा नंबर (युआयडी), गटाचा नंबर (जीआयडी), परवानग्या, आकार, तारखा आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे ही माहिती आयनोडमध्ये असते, म्हणजे फ्लॅटच्या आत. आयनोडला स्वतःचं नाव मात्र माहीत नसतं. तुम्ही ‘आरएम’ देता तेव्हा कर्नलला जाणाऱ्या सिस्टिम कॉलचं नाव ‘अनलिंक’ आहे, ‘डिलीट’ नव्हे. फळ्यावरचं एक नाव पुसायचं, एवढंच ते काम. त्याला फळ्याच्या काचेची किल्ली लागते, फ्लॅटची लागत नाही. आयनोडमध्ये एक मोजणीही असते, आपल्याकडे बोट दाखवणारी किती नावं फळ्यांवर आहेत याची. ‘स्टॅट’ कमांडमध्ये ती ‘लिंक्स’ या शब्दापुढे दिसते. ती शून्यावर आली आणि कोणत्याही चालू प्रोसेसनं फाइल उघडून धरलेली नसली, की मगच जागा खरोखर मोकळी होते.

परवानगीचे तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे; प्रत्येक आकडा म्हणजे ‘आर’चे ४, ‘डब्ल्यू’चे २ आणि ‘एक्स’चा १ यांची बेरीज. आता डिरेक्टरीवर या तीन अक्षरांचा अर्थ. फाइलवरचा अर्थ इथे जसाच्या तसा लागू होत नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘आर’ म्हणजे फळ्यावरची नावं वाचता येणं. ‘डब्ल्यू’ म्हणजे नाव लिहिणं, पुसणं, बदलणं. ‘एक्स’ म्हणजे त्या डिरेक्टरीतून पलीकडे जाता येणं, नावावरून आयनोडपर्यंत पोचता येणं. हटवायला ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ दोन्ही लागतात. नुसता ‘डब्ल्यू’ कुचकामी आहे. ‘आर’ नसला तरी चालतं. नाव पाठ असेल तर डिरेक्टरीची यादी न दिसताही फाइल हटवता येते. आणि नुसता ‘आर’ असून ‘एक्स’ नसेल, तर ‘एलएस -एल’ नावं दाखवतो पण मालक, आकार, तारीख यांच्या जागी प्रश्नचिन्हं छापतो. ते दृश्य पाहून डिस्क खराब झाली असं समजणारे बरेच असतात. डिस्क ठीक असते, ‘एक्स’ गेलेला असतो.

‘एक्स’ फक्त शेवटच्या डिरेक्टरीवर असून भागत नाही, मुळापासूनच्या प्रत्येक पायरीवर लागतो. वाटेत एक जरी पायरी ७०० असली आणि ती दुसऱ्याची असली, तर पुढचं सगळं ७७७ करून उपयोग नाही. यासाठी ‘नेमआय’ ही कमांड फार कमी लोक वापरतात, आणि खरं तर सुरुवात तिच्यापासूनच करावी:

नेमआय -एल /ऑप्ट/अ‍ॅप/डेटा/यादी.टीएक्सटी

मुळापासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानग्या ती एकाखाली एक छापते. अडलेली पायरी लगेच दिसते.

मग ‘आरएम’नं प्रश्न का विचारला? ‘रिमूव्ह राइट-प्रोटेक्टेड रेग्युलर फाइल’ हा प्रश्न कर्नलचा नाही, ‘आरएम’चा स्वतःचा शिष्टाचार आहे. ज्या फाइलीत तुम्हाला लिहिता येत नाही ती हटवण्याआधी तो एकदा विचारतो, तेही समोर टर्मिनल असेल तरच. स्क्रिप्टमध्ये, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) किंवा ‘-एफ’ दिल्यावर विचारत नाही. ‘सीएचमॉड’ ही परवानगी बदलणारी कमांड, आणि ४४४ म्हणजे सगळ्यांना फक्त वाचता येणं. म्हणून ‘मी सीएचमॉड ४४४ करून ठेवलं आहे, आता ही फाइल सुरक्षित’ हा समज काढून टाका. ४४४ मुळे फाइलीत चुकून लिहिलं जात नाही. फाइल जायची राहत नाही.

एवढंच काय, ४४४ मुळे मजकूरही वाचेलच असं नाही. ‘व्हिम’ या एडिटरमध्ये रीड-ओन्ली फाइल उघडून उद्गारचिन्हासह ‘डब्ल्यू’ दिलं की पुष्कळदा ती सेव्ह होते. कारण डिरेक्टरीत लिहिता येत असेल तर एडिटर जुनं नाव बाजूला करून त्याच नावानं नवी फाइल लिहू शकतो. फाइलीतला मजकूर कमांडनं बदलणारा ‘सेड -आय’ तर नेहमी असंच काम करतो: तात्पुरती नवी फाइल, मग जुन्या नावावर रिनेम. साध्या युजरनं असं केलं की नव्या फाइलचा मालक तो स्वतः होतो. सामाईक डिरेक्टरीत ‘काल या फाइलचा मालक दुसराच होता’ अशी तक्रार आली की आधी वापरलेला एडिटर विचारा. मालकाचा रकाना म्हणजे फाइल मुळात कोणी बनवली याचा पुरावा नव्हे.

मालकीबद्दल आणखी दोन गोष्टी. परवानगी तपासताना कर्नल आधी बघतो की तुम्ही मालक आहात का. असाल तर फक्त मालकाचे तीन बिट लागू होतात, गटाचे किंवा इतरांचे बघितले जात नाहीत. त्यामुळे ०७७ परवानगीची फाइल जगाला वाचता येते आणि मालकालाच येत नाही. डिरेक्टरीलाही हेच लागू. दुसरी गोष्ट, आपली फाइल दुसऱ्याच्या नावावर करणं साध्या युजरला लिनक्समध्ये जमत नाही. मालक बदलणाऱ्या ‘सीएचओन’ला रूट लागतो, नाहीतर डिस्क कोटा चुकवायला लोक आपल्या फाइली शेजाऱ्याच्या खात्यावर टाकत बसतील. गट मात्र मालकाला बदलता येतो, पण ज्या गटाचा तो स्वतः सभासद आहे त्याच गटात. गटात नुकतंच नाव घातलं असेल तर बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावं लागतं. ‘आयडी’ कमांडच्या उत्तरात तो गट दिसेपर्यंत कर्नलच्या लेखी तुम्ही त्या गटात नाहीच.

फाइलीचं झालं, डिरेक्टरी हटवण्याचं गणित थोडं वेगळं आहे. कर्नल फक्त रिकामी डिरेक्टरी हटवतो. ‘आरएम -आर’ आत शिरून एकेक नाव पुसत बाहेर येतो, म्हणजे आतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर तुम्हाला ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ हवा, शिवाय यादी मिळवायला ‘आर’. म्हणून तुमच्या होममधली रूटची फाइल तुम्ही हटवू शकता, रूटची रिकामी डिरेक्टरीही हटवू शकता, पण आत एकच फाइल असलेली रूटची ७५५ डिरेक्टरी तुम्हाला हटवता येत नाही. तिचं नाव जागच्या जागी बदलता येतं. दुसरीकडे हलवता मात्र येत नाही, कारण डिरेक्टरीचा पालक बदलला की तिच्या आतली, पालकाकडे बोट दाखवणारी दोन टिंबांची नोंद बदलावी लागते आणि त्यासाठी त्या डिरेक्टरीवरच ‘डब्ल्यू’ लागतो.

हे सगळ्यात जास्त भेटतं ते डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यात चालवणाऱ्या साधनात. प्रोजेक्टच्या फोल्डरमधली एखादी डिरेक्टरी बाइंड माउंटनं (जशीच्या तशी आत दाखवून) कंटेनरला दिली आणि कंटेनरमधला प्रोग्राम रूट म्हणून चालला, की त्यानं बनवलेलं सगळं यजमान मशीनवर युआयडी ० च्या नावावर पडतं. पोस्टग्रेस या डेटाबेसची डेबियन लिनक्सवर आधारलेली अधिकृत इमेज (कंटेनरचा तयार साचा) युआयडी ९९९ वापरते, अल्पाइन लिनक्सवरची ७०, आणि डेटा डिरेक्टरी ७०० ठेवते. यजमान मशीनवर ९९९ हा नंबर भलत्याच कुठल्या सिस्टिम युजरचा असू शकतो, त्यामुळे ‘एलएस -एल’मध्ये अनोळखी नाव दिसून माणूस चक्रावतो. अशा वेळी ‘एलएस -एलएन’ वापरा. नावाऐवजी नंबर दिसतात आणि खरी गोष्ट कळते. सुडो नसेल पण डॉकर चालवता येत असेल, तर त्याच डॉकरनं साफसफाई होते:

डॉकर रन --आरएम -व्ही /होम/युजर/प्रोजेक्ट:/काम अल्पाइन आरएम -आरएफ /काम/पीजीडेटा

यावरून हेही लक्षात यावं की डॉकर गटात असणं म्हणजे पासवर्डाशिवायचं रूटपण आहे. तो गट मागेल त्याला वाटू नका. मुळात कंटेनर सुरू करतानाच ‘--युजर’ला आपला युआयडी आणि जीआयडी दिला तर ही वेळ येत नाही, अर्थात ती इमेज दुसऱ्या युआयडीवर चालायला तयार असेल तर. रूटलेस पॉडमन (डॉकरसारखंच, पण रूटशिवाय चालणारं साधन) वापरत असाल तर मालकी १००००० च्या पुढच्या कुठल्या तरी नंबरवर दिसते. तिथे ‘पॉडमन अनशेअर’ लिहून पुढे ‘आरएम -आरएफ’ द्या, सुडो लागत नाही.

डेस्कटॉपवरच्या ट्रॅशचं कोडंही याच कुळातलं. ट्रॅशमध्ये टाकणं म्हणजे निव्वळ रिनेम. बाहेरचं फोल्डर तुमचं असेल तर आत रूटचं काहीही असो, ते विनातक्रार ट्रॅशमध्ये जातं. ‘एम्टी ट्रॅश’ दाबल्यावर मात्र आतल्या रूटच्या भरलेल्या डिरेक्टरीपाशी काम अडतं आणि ट्रॅश कधीच रिकामा होत नाही. होममधल्या .लोकल/शेअर/ट्रॅश/फाइल्स (‘ट्रॅश’चा ‘टी’ मोठा) इथे जाऊन ‘एलएस -एलएन’ केलं की गुन्हेगार सापडतो.

आता स्टिकी बिट. /टीएमपी ही डिरेक्टरी सगळ्यांना लिहायला खुली आहे. वरच्या नियमानं कोणीही कोणाचीही फाइल हटवू शकला असता. म्हणून तिची परवानगी ७७७ नसून १७७७ असते आणि ‘एलएस -एलडी’मध्ये शेवटच्या ‘एक्स’च्या जागी ‘टी’ दिसतो. तिथे मोठा ‘टी’ दिसला तर स्टिकी आहे, पण इतरांना ‘एक्स’ नाही असं समजा. १९७४ च्या युनिक्समध्ये हा बिट आला तो निराळ्याच कामासाठी: प्रोग्राम संपला तरी त्याची प्रत स्वॅपमध्ये (मेमरीला जोड म्हणून वापरलेल्या डिस्कवरच्या जागेत) चिकटून राहावी आणि पुढच्या वेळी तो लवकर सुरू व्हावा. हटवण्यावर बंधन घालण्याचा डिरेक्टरीवरचा आजचा अर्थ त्याला १९८६ च्या ४.३ बीएसडी या युनिक्समध्ये मिळाला. नाव मात्र तेच चिकटून राहिलं.

स्टिकी डिरेक्टरीत नाव पुसणं किंवा बदलणं तिघांनाच जमतं: फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि रूट. दुसरं नाव लोक हमखास विसरतात. सामाईक डिरेक्टरी एखाद्या सहकाऱ्याच्या नावावर असेल तर स्टिकी बिट त्याला अडवत नाही, तो सगळ्यांच्या फाइली हटवू शकतो. आणि स्टिकी बिट नवी परवानगी देत नाही, फक्त काढून घेतो. डिरेक्टरीवर ‘डब्ल्यू’ नसेल तर स्वतःची फाइलही स्टिकीमुळे हटवता येणार नाही.

तर ऑफिसचं फोल्डर. समजा गटाचं नाव ‘हिशोब’ आहे आणि जागा /एसआरव्ही/हिशोब. रूट होऊन:

ग्रुपअ‍ॅड हिशोब
एमकेडिर /एसआरव्ही/हिशोब
सीएचओन रूट:हिशोब /एसआरव्ही/हिशोब
सीएचमॉड ३७७० /एसआरव्ही/हिशोब
सेटएफएसीएल -डी -एम यू::आरडब्ल्यूएक्स,जी::आरडब्ल्यूएक्स,ओ::- /एसआरव्ही/हिशोब

माणसं गटात घालायला ‘यूजरमॉड -एजी’, त्यातला ‘जी’ मोठा. ‘ए’ विसरलात तर त्या माणसाचे बाकीचे पुरवणी गट जातात, सुडोचा गटही त्यातच.

३७७० मधला ३ म्हणजे २ अधिक १. दोनचा सेटजीआयडी: आत बनणाऱ्या नव्या फाइलचा गट बनवणाऱ्याचा न राहता डिरेक्टरीचा, म्हणजे ‘हिशोब’ होतो, आणि नव्या उपडिरेक्टरीलाही हा बिट आपोआप लागतो. एकचा स्टिकी. मालक रूट ठेवला आहे तो वर सांगितलेल्या कारणासाठी. शेवटची ओळ यूमास्कच्या (नव्या फाइलीतून आपोआप वगळल्या जाणाऱ्या परवानग्यांच्या) त्रासावर आहे. पुष्कळांचा यूमास्क ०२२ असतो, म्हणजे नवी फाइल ६४४ बनते आणि गटातल्या दुसऱ्याला तिच्यात लिहिताच येत नाही. स्टिकी नसलेल्या फोल्डरमध्ये यातून गमतीची स्थिती उद्भवते: सहकाऱ्याला तुमच्या फाइलीत एक अक्षर दुरुस्त करता येत नाही, पण अख्खी फाइल हटवता येते. त्या ओळीनं लावलेली डिफॉल्ट एसीएल (आत नव्या बनणाऱ्यांना लागणारी परवानग्यांची यादी) असली की यूमास्क बाजूला राहतो आणि नवी फाइल ६६०, नवी डिरेक्टरी ७७० बनते.

आता खाचखळगे. पहिला आणि सगळ्यात घातक: सेटजीआयडी आणि डिफॉल्ट एसीएल उपडिरेक्टरीत उतरतात, स्टिकी बिट उतरत नाही. कोणी आत ‘एप्रिल’ नावाचं फोल्डर केलं की त्यात गटातला कोणीही कोणाचीही फाइल हटवू शकतो. शिवाय त्या फोल्डरचा मालक बनवणारा स्वतः असल्यानं स्टिकी लावला तरी त्याला तो लागू नाही. उपाय दोन. लागणारी उपफोल्डरं आधीच रूटनं ३७७० करून ठेवायची, म्हणजे लोकांना नवी करायची गरज कमी पडते. किंवा रोज रात्री रूटच्या क्रॉनमधून:

फाइंड /एसआरव्ही/हिशोब -माइंडेप्थ १ -टाइप डी -एक्झेक सीएचओन रूट {} + -एक्झेक सीएचमॉड +टी {} +

हे चालेपर्यंतचा दिवसभर पहारा नसतो, हे मान्य करूनच ते वापरायचं.

दुसरा: हलवून आणलेली फाइल. त्याच फाइल सिस्टिममध्ये ‘एमव्ही’ केलं तर आयनोड तोच राहतो, म्हणजे जुना मालक, जुना गट, जुनी परवानगी. सेटजीआयडी आणि डिफॉल्ट एसीएल फक्त नव्या बनणाऱ्या फाइलींना लागतात. ‘सीपी’नं आणलेल्या फाइलचा गट बरोबर लागतो, पण मूळ फाइल ६४४ असेल तर इथे ती ६४० होते, गटाला लिहिता येत नाही. एसीएल परवानगीची कमाल मर्यादा ठरवते. प्रोग्रामनं मागितलेलीच कमी असेल तर ती वाढवून देत नाही. अशा फाइलींना मालकानं ‘सीएचमॉड जी+डब्ल्यू’ करावं.

तिसरा: स्टिकीमुळे काही एडिटर रुसतात. तात्पुरती फाइल लिहून मूळ नावावर रिनेम करणं म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचं नाव पुसणंच, आणि तेच आपण बंद केलं आहे. ‘सेड -आय’ इथे सहकाऱ्याच्या फाइलवर चालणार नाही. व्हिममध्ये ‘बॅकअपकॉपी’ला ‘येस’ द्या, मग तो जागेवरच लिहितो.

चौथा: कोणी ‘दुरुस्ती’ म्हणून त्या फोल्डरला ‘सीएचमॉड ७७०’ दिलं की स्टिकी बिट निघून जातो. सेटजीआयडी राहतो, कारण डिरेक्टरीवर तीन आकडे दिले तर ग्नूचा ‘सीएचमॉड’ तो सांभाळून ठेवतो. त्यामुळे वरवर सगळं तसंच चालू दिसतं आणि पहारा गेलेला लक्षात येत नाही.

या बंदोबस्तानंतरही एक भोक उरतं, आणि ते बुजवता येत नाही. ज्याला फाइलीत लिहिता येतं त्याला ती शून्य बाइटची करता येते. हटवण्याची परवानगी डिरेक्टरीवर, रिकामी करण्याची फाइलवर. सहकाऱ्यांना लिहू द्यायचं ठरवलं की मजकूर पुसू द्यायचंही ठरलंच. पॉझिक्स एसीएलमध्येही ‘हटवणे’ नावाची वेगळी परवानगी नाही. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये आणि एनएफएसच्या (नेटवर्कवरून फाइली वापरू देणाऱ्या फाइल सिस्टिमच्या) चौथ्या आवृत्तीच्या एसीएलमध्ये ती आहे, म्हणून तिकडून आलेले लोक ‘सेटएफएसीएल’मध्ये ती शोधत बसतात. जिथे खरोखर पुसलं जाऊ नये अशी नोंद आहे तिथे रोजचा बॅकअप हवा, किंवा फाइल सिस्टिमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत).

नोंदी फक्त वाढत जाव्यात अशी गरज असेल तर ‘सीएचअ‍ॅटर’ आहे. ‘सीएचअ‍ॅटर +ए’ केलेल्या फाइलला फक्त शेवटी मजकूर जोडता येतो. पुसणं, रिकामी करणं, नाव बदलणं बंद, रूटलाही. डिरेक्टरीला ‘+ए’ केलं तर आत नव्या फाइली बनतात पण एकही हटत नाही. ‘+आय’ केलेली फाइल पूर्ण गोठते. डिरेक्टरीला ‘+आय’ केलं तर नावांची यादी गोठते, आधीच आत असलेल्या फाइलींचा मजकूर मात्र बदलता येतो. दोन्ही लावायला आणि काढायला रूट लागतो. लॉग फाइलला ‘+ए’ केलंत तर लॉगरोटेटचं (जुने लॉग बाजूला करणाऱ्या प्रोग्रामचं) रिनेम अडकणार हे आधीच धरून चाला. ‘एलएस -एल’मध्ये यातलं काहीच दिसत नाही, त्यासाठी ‘एलएसअ‍ॅटर’. डिरेक्टरीसाठी ‘एलएसअ‍ॅटर -डी’.

हटवताना आलेला एरर नीट वाचला तर निम्मं निदान तिथेच होतं. लोक दोन संदेश एकच समजतात. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे नेहमीच्या परवानग्यांत अडलं: डिरेक्टरीवर ‘डब्ल्यू’ नाही किंवा वाटेत कुठे ‘एक्स’ नाही. ‘नेमआय’ लावा. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणजे परवानग्या पुरेशा होत्या, पण वरचा एखादा नियम आडवा आला: स्टिकी बिट, नाहीतर ‘+आय’ किंवा ‘+ए’. रूटला हा संदेश आला तर थेट ‘एलएसअ‍ॅटर’ करा. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असेल तर परवानग्यांना हात लावू नका. पुष्कळदा डिस्कवर चूक सापडल्यामुळे एक्स्ट४ या फाइल सिस्टिमनं स्वतःला रीड-ओन्ली करून घेतलेलं असतं; ‘डीमेसेज’मधले कर्नलचे संदेश वाचा आणि आधी बॅकअप घ्या. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ डिरेक्टरीवर आला तर ती माउंट पॉइंट (दुसरी फाइल सिस्टिम जोडलेली जागा) आहे. आणि रूटला ‘परमिशन डिनाइड’ आला तर तीन संशयित. एक, जागा एनएफएसवर आहे आणि सर्व्हरवर रूट स्क्वॉश चालू आहे. तिथे तुमचा रूट ‘नोबडी’ बनतो, हटवायचं काम मालकाच्या खात्यातून किंवा सर्व्हरवरच करावं लागतं. दोन, एसईलिनक्स (परवानग्यांवर सुरक्षेचे जादा नियम लावणारी यंत्रणा), ‘एयूसर्च -एम एव्हीसी’नं नोंद सापडते. तीन, हटवणं नव्हे तर /टीएमपीमधल्या दुसऱ्याच्या फाइलीत ‘>’नं लिहिणं. २०१८ च्या ४.१९ कर्नलपासून ‘प्रोटेक्टेड रेग्युलर’ नावाची सेटिंग आहे आणि सिस्टिमडी (सिस्टिम सुरू करून सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) असलेल्या नव्या डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या आवृत्त्यांवर) ती बहुधा चालू असते. सगळ्यांना खुल्या स्टिकी डिरेक्टरीतली परक्याची फाइल रूटलाही अशा रीतीनं उघडू देत नाही. गंमत म्हणजे तीच फाइल रूट हटवू शकतो.

पेनड्राइव्हचा प्रकार निराळा. फॅट३२ किंवा एक्सफॅटवर मालकी साठवायची जागाच नसते. दिसणारा मालक माउंट करतानाच्या युआयडी, जीआयडी आणि यूमास्क या पर्यायांतून आलेला असतो, त्यामुळे तिथे ‘सीएचओन’ चालत नाही. पर्याय बदलून पुन्हा माउंट करायचं.

फाइल हटली पण जागा मोकळी झाली नाही, ही याच नियमाची उलटी बाजू. डिस्कची जागा दाखवणारा ‘डीएफ’ म्हणतो डिस्क भरली, फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला ती जागा सापडत नाही. कुठल्या तरी प्रोसेसनं ती लॉग फाइल उघडून धरली आहे. फळ्यावर नाव नाही, पण फ्लॅटमध्ये माणूस आहे. ‘एलएसओएफ’ला अधिकाचं चिन्ह, मोठा ‘एल’ आणि १ दिलं की लिंक संख्या शून्य झालेल्या उघड्या फाइली, प्रोसेसचा नंबर (पीआयडी) आणि तिनं उघडलेल्या फाइलचा नंबर (एफडी) दिसतात. सर्व्हिस रीस्टार्ट करता येत असेल तर तेवढ्यानं जागा सुटते. येत नसेल तर:

ट्रंकेट -एस ० /प्रॉक/पीआयडी/एफडी/नंबर

इथे ‘पीआयडी’ आणि शेवटचा ‘नंबर’ यांच्या जागी सापडलेले आकडे टाकायचे. आणि चुकीची फाइल हटवली असेल पण प्रोसेस अजून चालू असेल तर घाबरून रीस्टार्ट करू नका. त्याच वाटेवरून ‘सीपी’ केलं की अख्खी फाइल परत मिळते. ही संधी प्रोसेस जिवंत असेपर्यंतच.

काहीच हटेना म्हणून ‘सुडो सीएचमॉड -आर ७७७’, त्यातला ‘आर’ मोठा, हा उपाय सर्रास सुचवला जातो. होमवर चालवला तर एसएसएचची खासगी की ‘फार खुली आहे’ म्हणून नाकारली जाते आणि सर्व्हरवर की वापरून लॉगिन बंद होतं. /यूएसआरवर चालवला तर ‘सुडो’ आणि ‘पासडब्ल्यूडी’चे सेटयूआयडी बिट (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या, म्हणजे रूटच्या अधिकारानं चालवणारे) जातात. ‘सीएचओन -आर’ (इथेही ‘आर’ मोठा) तिथे चालवलं तरी तेच, कारण मालक बदलताना कर्नल ते बिट काढून टाकतो, कमांड रूटनं दिली तरीही. मग ‘सुडो’ दुरुस्त करायला ‘सुडो’च चालत नाही, रिकव्हरी मोडमध्ये बूट करावं लागतं. गरज असते ती बहुतेक वेळा एकाच डिरेक्टरीवर एका बिटाची. परवानग्या आधीच विस्कटल्या असतील तर त्या फोल्डरपुरतं ‘यू=आरडब्ल्यूएक्स,जीओ=आरएक्स’ द्या, त्यातले ‘एक्स’ मोठे. मोठा ‘एक्स’ डिरेक्टरींना आणि आधीपासून कोणाला तरी ‘एक्स’ असलेल्या फाइलींनाच लागतो. त्यामुळे ७७७ झालेल्या झाडावर आधी सगळ्या फाइलींचा ‘एक्स’ काढायला हवा: ‘फाइंड’ला ‘-टाइप एफ’ देऊन ‘सीएचमॉड ए-एक्स’, आणि मग वरचं. चालवायच्या स्क्रिप्ट असतील त्यांचा ‘एक्स’ नंतर हातानं परत द्यायचा.